प्लसला एक गाठ

आमच्या शेजारच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला अख्खा बाजार धाकटा म्हणतो. वय साठीच्या पुढे गेलं, समोरचे दोन दात गेले, नातीला दात आले, तरी हा धाकटाच. नवीन गिऱ्हाईक गोंधळतं. "धाकट्याला विचारा," असं कुणी सांगितलं की ते आत एखादा पोरगेला मिस्त्री शोधायला लागतं, आणि गाडीखालून हा पांढऱ्या मिशांचा माणूस पाठीवर सरकत बाहेर येतो. "बोला, मीच तो." मग मी माझ्या दुकानातून ओरडतो, "थांबा जरा, अजून वाढतोय तो!" हा विनोद मी गेली कित्येक वर्षं करतोय आणि मला अजून त्याचं हसू येतं. त्याला येत नाही.

मी पेंटर. गाड्यांच्या नंबरप्लेटा आणि दुकानांच्या पाट्या रंगवतो. शाळा म्हणाल तर गावातली, सातवीपर्यंत, पण अक्षर असं की हेडमास्तर स्वतःच्या बदलीचा अर्ज माझ्याकडून लिहून घ्यायचे. धाकट्याच्या आणि माझ्या दुकानात एक पत्र्याची भिंत आहे आणि त्या पत्र्याला चहाचा ग्लास जाईल एवढं भोक आहे. ते आम्हीच पाडलं. त्या भोकातून माझं निम्मं आयुष्य गेलं म्हणा ना.

धाकट्याच्या कामाची एक खूण आहे. त्याने ओढलेली वायर शंभर वायरींत ओळखू येते. प्लसच्या वायरीला टोकापासून चार बोटांवर मेणाच्या दोऱ्याची एक गाठ. मायनसला दोन. आणि इशाऱ्याची जी बारीक वायर असते, जिच्यातून काम होत नाही, नुसती खबर जाते, तिला तीन. बरं, रंगही चोख. लाल तिथे लाल, काळी तिथे काळी. मग गाठी कशाला? बाजारातले बाकीचे मिस्त्री त्याला पिडायचे. "काय धाकट्या, वायरींच्या वेण्या घालून झाल्या का? आता गजरे माळ." हा मान वर न करता सांगायचा, "दादानं असंच शिकवलंय."

दादा म्हणजे थोरला, त्याचा मोठा भाऊ. आईवडील लवकर गेले, तेव्हा दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या थोरल्याने याला वाढवलं, शर्टाची बटणं लावायला शिकवली आणि मग वायरी जोडायलाही शिकवलं. शिकवायची तऱ्हा मोठी मजेची. धाकट्याच्या डोळ्यांवर फडकं बांधायचा आणि हातात वायरींचा झुबका द्यायचा. "गाडीखाली उजेड नसतो. बोटांना दिसलं पाहिजे. मोज गाठी." धाकटा मोजायचा. चुकला की डोक्यात टपली. पुढे पुढे तो इतका तरबेज झाला की फडकं बांधून हेडलाइट लावायचा आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. मलाही वाटायचं, काय मास्तर आहे हा थोरला! त्याने हे का शोधून काढलं असेल, हा प्रश्न तेव्हा कुणाच्याच डोक्यात आला नाही. मला त्याचं उत्तर एके दिवशी कळलं. आणि ते कळून मी काय केलं, ते सांगितल्याशिवाय धाकट्याची गोष्ट पुरी होत नाही.

सत्तावीस वर्षांपूर्वी धाकट्याने दुकानावर पाटी लावायची ठरवली. थोरल्याला न सांगता. तेव्हा त्याचं नवीन लग्न झालं होतं, अंगात उत्साह मावत नव्हता. रंग त्यानेच निवडले. गडद हिरवी पाटी, त्यावर लालभडक अक्षरं: थोरला-धाकटा ऑटो इलेक्ट्रिक्स. थोरल्याचं आधी आणि दोन बोटं मोठं, असा त्याचा हट्ट. मी म्हटलं, "लालला पांढरी कड मारली पाहिजे, म्हणजे अक्षर उठून दिसतं. उद्या मारतो, आज रंग ओला आहे." पण याला कुठला दम! ओलीच पाटी उचलली आणि टांगली. थोरला सायकलवरून आला तसा त्याला हाताला धरून समोर उभा केला. "दादा, वाच!"

थोरला बघत राहिला. पाटीकडे, मग धाकट्याकडे, मग परत पाटीकडे. मग सायकल भिंतीला लावली आणि आत जाऊन कामाला बसला.

धाकट्याचं तोंड एवढंसं झालं. "त्याला माझं नाव त्याच्या नावाशेजारी नको आहे," तो मला भोकातून म्हणाला. "मला काय कळत नाही का?"

त्याच दिवशी, दुकानं बंद व्हायच्या वेळेला, थोरला माझ्याकडे आला. बाकावर बसला, ब्रश उचलला, खाली ठेवला. मग हळूच विचारलं, "पेंटर, त्या पाटीवर काय लिहिलंय रे?"

मला वाटलं थट्टा करतोय. पण त्याचा चेहरा थट्टेचा नव्हता. "मला नुसती एका रंगाची पाटी दिसते," तो म्हणाला. "कोरी. धाकटा म्हणतो वाच, आणि समोर काहीच नाही."

लाल आणि हिरवा त्याला एकच दिसायचे, आणि तेही लहानपणापासून. म्हणून गाठी. म्हणून डोळ्यांवर फडकं. अख्खा धंदा त्याने बोटांवर रेटला होता. मी त्याला पाटीवरचं वाचून दाखवलं, तुझं नाव आधी आहे आणि मोठं आहे, तेही सांगितलं. तो डोळे पुसत हसला, आणि मग माझा हात धरून म्हणाला, "हे कुणाला बोलू नकोस. वायरमनला लाल दिसत नाही हे कळलं तर मला कोण गाडी देईल? आणि धाकट्याला तर मुळीच नाही. तो मला देव समजतो. शपथ घे." मी घेतली.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्यांची व्हॅन आली. मागे दुधाच्या पिशव्यांसाठी थंड पेटी होती, तिची जोडणी करायची होती. धाकट्याने स्वतः मिळवलेलं ते पहिलं मोठं गिऱ्हाईक. जोडणी थोरल्याने केली. डॅशबोर्डाच्या मागे कंपनीच्या वायरींचा जुडगा असतो. त्यांना गाठी नसतात, नुसते रंग असतात. एरवी तिथली वायर तो धाकट्याला काढून द्यायला सांगायचा, पण त्या दिवशी धाकटा रुसलेला होता. दुपारी ड्रायव्हरने चावी फिरवली आणि पायाशी धूर, मग जाळ. ड्रायव्हर वाचला, पण त्याचे दोन्ही हात भाजले.

जाळ विझल्यावर धाकट्याने भर रस्त्यात थोरल्याची कॉलर धरली. "माझं नाव खपलं नाही ना तुला? काल पाटी बघून तोंड फिरवलंस, आणि आज माझं गिऱ्हाईक जाळलंस! सांग दादा, मुद्दाम केलंस ना?"

थोरला स्वतःच्या हातांकडे बघत होता. एवढंच म्हणाला, "चूक माझी आहे."

मी चार पावलांवर उभा होतो. तोंड उघडलं असतं तर तिथेच सगळं मिटलं असतं. थोरल्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी माझ्या डब्यातला रंग ढवळायला लागलो.

सकाळी थोरला नव्हता. सगळी हत्यारं जागच्या जागी होती. पक्कड, टेस्टर, बॅटरी तपासायचा काचेचा फुगा. फक्त मेणाच्या दोऱ्याचं रीळ तेवढं गेलं होतं.

धाकट्याने मला बोलावलं आणि पाटीवरचा "थोरला" पुसायला लावला. मी त्यावर हिरव्या रंगाचे दोन हात मारले. आता एक गोष्ट सांगतो, ती आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. लाल रंग मरत नाही. त्याच्यावर काहीही मारा, ऊन खाल्लं की तो खालून वर झिरपतो. पुढच्या उन्हाळ्यात पाटीच्या डाव्या बाजूला तांबूस डाग दिसायला लागला. मग त्याला काना आला, मग मात्रा. एका दुपारी वर पाहिलं तर थोरला स्पष्ट वाचता येत होता, कुणीतरी पाटीच्या आतून लिहिल्यासारखा.

तेव्हापासून दर दोन-तीन उन्हाळ्यांनी मी शिडी लावतो आणि थोरल्याला झाकतो. आणि दर वेळी धाकटा शिडी धरून खाली उभा राहतो आणि तोच प्रश्न विचारतो. "पेंटर, दादानं मुद्दाम केलं असेल का रे?"

"मला काय माहीत," मी म्हणतो, आणि ब्रश बुडवतो.

सुरुवातीला वाटलं थोरला महिन्याभरात येईल आणि स्वतःच बोलेल. मग वाटलं, वर्षभरात येईल. मग सांगायची वेळ टळून गेली. इतक्या वर्षांनी काय तोंडाने सांगणार, की मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?

धाकटा मात्र त्या प्रश्नासकट जगला. धंदा चांगला केला. एक गाडी यायची, तिचा ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा. सतरा मिस्त्र्यांनी हात टेकले होते. याने डोळे मिटून वायरींवरून नुसती बोटं फिरवली आणि दहा मिनिटांत दोष पकडला. पण काम झाल्यावर प्रत्येक जोड तीनदा तपासायचा. गिऱ्हाईक गेल्यावर कोपऱ्यापर्यंत चालत जायचा आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत उभा राहायचा. त्याची बायको, जिला ओघानेच आम्ही धाकटी म्हणतो, जेवणाचा डबा घेऊन यायची आणि कमरेवर हात ठेवून बोलायची, "पेंटरभाऊजी, हे माणूस माझ्या माहेरी मला पोचवायलासुद्धा कधी एवढं लांब आलं नाही!" सगळे हसायचे. पण तिनेच मला एकदा हळू आवाजात सांगितलं होतं. "झोपेत गाठी मोजतात, भाऊजी. एक, दोन, तीन. तीनपर्यंत येतात आणि दचकून उठतात."

परवाच्या उन्हाळ्यात एक बाई व्हॅन घेऊन आल्या. साठीच्या आतबाहेर, करड्या केसांचा आखूड बॉब, मनगटं चांगली दणकट. व्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. मागे बिछाना, शेगडी, भिंतीत बसवलेला छोटा फ्रीज. कॅम्परव्हॅन म्हणतात त्याला. लाकूडकाम घरच्या घरी केलेलं, पण इतकं नेटकं की मी आत डोकं घालून बराच वेळ नुसता बघत राहिलो.

"सकाळी गाडी सुरू होत नाही," बाई म्हणाल्या. "रोज. वर्षानुवर्षं. बॅटऱ्या बदलून झाल्या. इथेही उतारावरून सोडून आणलीय."

"मग इतकी वर्षं काय करत होता?" धाकट्याने विचारलं.

"ढकलत होते. आमचे हे स्टिअरिंगवर बसायचे आणि आतून सांगायचे, जोरात, अजून जोरात. आमचा संसार असाच झाला."

धाकटा क्वचित हसतो, तेव्हा हसला. इंजिन बंद केलं, फ्रीजच्या आवाजाला कान लावला आणि मला सांगायला लागला, कारण काम करताना त्याला कुणीतरी ऐकायला लागतं. "पेंटर, हिच्यात बॅटऱ्या दोन असतात. पुढची इंजिनाची, मागची घराची. मधे एक रिले असतो. रिले म्हणजे आपोआप उघडणारं-मिटणारं दार समज. इंजिन चालू झालं की त्याला बारीक वायरीतून खबर जाते, तो दोघींची गळाभेट घडवतो आणि दोघी चार्ज होतात. इंजिन बंद, खबर बंद, की लगेच काडीमोड. मग फ्रीजने प्यायची ती फक्त मागची बॅटरी. पुढचीला हात लावायचा नाही."

"आणि हिच्यात?"

"हिच्यात दार उघडंच राहत असणार. फ्रीज दोघींना पिऊन टाकतो."

"आणि ते टकटक?" बाईंनी विचारलं.

"कसलं टकटक?"

"बॅटरी उतरली की होतं ते. गाडी उभी असते, कुणी हात लावलेला नसतो, आणि सीटखालून टक्. मग बराच वेळ काही नाही. मग परत टक्. आमचे हे म्हणायचे, गाडीत कुणीतरी राहतं. त्याला बाहेर पडायचंय पण दार सापडत नाही."

दुपार होती. समोरच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आम्ही तिघं बाकावर चहा पीत होतो, फ्रीज मंद घुरघुरत होता. घुरघुर बसत बसत गेली, थांबली. आणि सीटखालून आलं. टक्.

ग्लास माझ्या ओठाशीच राहिला. थोड्या वेळाने पुन्हा, टक्.

"भुताबिताचं काही नाही," धाकटा उठत म्हणाला, पण आवाज खाली आला होता. "रिले स्वतःच स्वतःला धरून बसलाय. बॅटरी दमली की हात सुटतो, तिने जरा दम खाल्ला की पुन्हा धरतो. हे मी पाहिलंय कुठेतरी." तो सीटखाली शिरला.

बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग पायांची हालचाल थांबली.

"पेंटर, इकडे ये." मी गुडघे मोडत खाली वाकलो. त्याने माझं बोट धरून एका वायरीवर ठेवलं. "मोज."

"एक."

"ही?"

"दोन."

"ही बारीक?"

मेणाचा दोरा जुना होऊन गुळगुळीत झाला होता. "तीन," मी म्हटलं.

"हे मी केलेलं नाही," धाकटा म्हणाला. तो बाहेर आला, बाईंसमोर उभा राहिला. हात काळे, चेहरा पांढरा. "ही जोडणी कुणी केली?"

"ह्यांनीच. आमच्या मालकांनी. तसा त्यांचा धंदा किल्ल्या बनवायचा, कानशीने, बोटांनी चाचपून. पण ही गाडी त्यांनी हौसेने केली, एकट्याने. कुणाला हात लावू दिला नाही." त्या वर पाटीकडे बघत होत्या. उन्हाळा सरत आला होता, आणि मी त्या वर्षी शिडी लावायची टाळाटाळ केली होती. हिरव्यात तांबूस अक्षरं वर आली होती. "मागच्या वर्षी गेले ते. शेवटी शेवटी म्हणायचे, गाडी धाकट्याकडे ने. माझं काय चुकलंय ते मला दिसणार नाही, त्याला दिसेल. आणि पाटीवर माझं नाव आहे का तेवढं बघ." त्यांनी बोटाने दाखवलं. "आहे की हो."

धाकट्याने फडक्याने हात पुसले. पुसत राहिला. "वहिनी," तो म्हणाला. थोरला गेला तेव्हा बिनलग्नाचा होता, त्यामुळे तो शब्द त्याच्या तोंडी मी कधीच ऐकला नव्हता. "बसा ना, वहिनी. उभ्या का?"

दुकानाच्या दारात धाकटी डबा घेऊन उभी होती. कधी आली कुणाला कळलं नाही. तिने डबा खाली ठेवला आणि जाऊन वहिनींचा हात धरला.

धाकटा परत सीटखाली गेला. आतूनच बोलू लागला, स्वतःशी बोलावं तसं. "तीन गाठींची वायर अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या जनित्राच्या, खबरेला जोडायला हवी होती. ती कंपनीची, हिरवी. दादानं शेजारच्या लालला जोडलीय. ती घरच्या बॅटरीकडून येते. म्हणून रिलेला खबर स्वतःच्याच बॅटरीची. इंजिन बंद झालं तरी सुटणार कसा?" मग तो बोटांनी जोड चाचपू लागला. "हिरवी सोडून लाल. दूधवाल्यांच्या गाडीत लाल समजून हिरवी..." डोकं बाहेर आलं. "पण ही तर त्याची स्वतःची गाडी. स्वतःशी कोण मुद्दाम करतं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. नेहमीसारखा प्रश्न होता तो, फक्त या वेळी शिडी नव्हती, ब्रश नव्हता, रंगाचा डबा नव्हता.

"मुद्दाम नव्हतं," मी म्हटलं. "त्याला लाल दिसतच नव्हता."

मी सगळं सांगितलं. कोऱ्या पाटीचं, बाकावरचं, शपथेचं. पांढऱ्या कडेचंसुद्धा. ती कड मी त्याच दिवशी मारली असती तर थोरल्याने पाटी वाचली असती, हसला असता, आणि रात्री दोघे भाऊ एका ताटात जेवले असते. हे बोलताना मला माझीच लाज वाटली.

वहिनी हळू म्हणाल्या, "टोमॅटो पिकलेत का ते मला विचारायचे. मला वाटायचं, आळस." 

धाकटा माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "त्याची कॉलर धरली होती मी," तो म्हणाला. "तू चार पावलांवर होतास." मग भोकाकडे हात करून, "सत्तावीस वर्षं त्या भोकातून चहा प्यायलास."

"हो."

"आणि दर उन्हाळ्याला विचारत होतो मी तुला."

"हो," मी म्हटलं.

मग तो कामाला लागला. नवी बॅटरी आणून बसवली. लालवरचा जोड सोडला. हिरवी शोधली, आणि मला दिसलं की त्याने डोळे मिटून घेतले होते. जुन्या वायरी बदलायला सहज हात गेला असता, पण थोरल्याची एकही गाठ त्याने कापली नाही. हिरव्यावर नवा जोड दिला, त्याला खिशातल्या मेणाच्या दोऱ्याच्या तीन गाठी मारल्या, जुन्या तीन गाठींच्या शेजारी. सहा झाल्या. नियमात बसत नाही ते.

"वहिनी, चावी फिरवा."

इंजिन सुरू झालं. रिलेने टक् करून धरलं. आम्ही पंधरा मिनिटं ते चालू दिलं. मग धाकट्याने बोट वर केलं आणि वहिनींनी इंजिन बंद केलं.

टक्.

सुटला. तत्क्षणी. फ्रीज आपल्या बॅटरीवर मजेत घुरघुरत राहिला. धाकटा सीटवर तळवा ठेवून बसून होता. त्याने तळवा उचलला नाही. आम्ही आणखी तासभर थांबलो, वहिनी, धाकटी, तो आणि मी, सगळे कान देऊन. त्या तासात एकदाही आवाज आला नाही. आणि खरं सांगतो, तो न येणारा आवाज मला आलेल्या आवाजापेक्षा जड गेला. इतकी वर्षं जो कोणी आत अडकून दार शोधत होता, तो आता गेला होता, आणि आमच्यापैकी कुणालाच त्याला थांब म्हणायला तोंड नव्हतं.

वहिनी चार दिवस धाकट्याच्या घरी राहिल्या. रोज सकाळी गाडी चावीसरशी सुरू व्हायची आणि त्या मागे जाऊन उभ्या राहायच्या, सवयीने, हात पुढे करून. मग स्वतःशीच हसायच्या.

त्या गेल्यावर धाकटा माझ्याशी बोलेना. भोकावर त्याने आतून पत्र्याचा तुकडा ठोकला. मी दोन ग्लास मागवायचो आणि दोन्ही मीच प्यायचो. झोप उडायची ती चहानेच, असं मी बायकोला सांगायचो. ती म्हणायची, "हो, चहाच असेल."

महिन्याने एका सकाळी दुकान उघडलं तर दारात हिरवी पाटी भिंतीला टेकवून ठेवलेली. धाकटा शेजारी उभा.

"नवी लिही," तो म्हणाला. "दोघांचं नाव. त्याचं आधी."

"दोन बोटं मोठं?"

"दोन बोटं मोठं. त्याला कुठला रंग दिसायचा?"

"निळा दिसायचा. पिवळा दिसायचा."

"मग पिवळ्यावर निळ्याने लिही."

मी म्हटलं, "जुना रंग खरवडावा लागेल. नाहीतर तुला माहीत आहे. दोन-तीन उन्हाळ्यांत पिवळ्यातून लाल वर येईल, निळ्या अक्षरांच्या मागून. दोन-दोनदा दिसेल."

तो पाटीवरून बोटं फिरवत होता. डोळे मिटलेले. जुन्या अक्षरांचे उंचवटे अजून हाताला लागतात.

"पिवळ्यावरचा लाल त्याला दिसेल का?"

"लाल म्हणून नाही," मी म्हटलं. "काळपट दिसेल. पण वाचता येईल."

"मग खरवडू नकोस. येऊ दे," धाकटा म्हणाला, आणि आत जाऊन भोकावरचा पत्रा उचकटायला लागला.